कोपऱ्यातली चंद्रकोर

जुन्या टेबलाचा खण बाहेर ओढला की आपली नजर आतल्या कागदांवर जाते, खणाच्या कोपऱ्याकडे कोणी पाहत नाही. वास्तविक लाकडी पेटीची खरी परीक्षा तिथेच होते. फळी तिच्या रेषांच्या दिशेने बळकट असते, पण तिचे कापलेले टोक मोठे बेभरवशाचे. तिथे सरस नीट धरत नाही आणि खिळा ठोकावा तर फळी चिरते. शिवाय पावसाळ्यात लाकूड रुंदीने फुगते, उन्हाळ्यात आकसते, ते निराळेच.

यावर सुतारांनी काढलेला तोडगा फार पुरातन आहे. एका फळीच्या टोकाला कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखे दाते काढायचे, दुसरीत तशाच खाचा पाडायच्या आणि दोन्ही एकमेकींत बसवायच्या. ‘डव्हटेल’ हे इंग्रजी नाव त्यावरूनच पडले. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतील लाकडी सामानातही हा सांधा आढळतो. दाता टोकाशी रुंद असल्याने खण कितीही ओढला तरी तो निसटत नाही. आधी आली गरज, शोभा मागाहून.

पण हे काम वेळखाऊ. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत फर्निचरचे कारखाने निघाले. रंधायला, कापायला यंत्रे आली, तरी खणांचे कोपरे अडून बसले. कुशल कारागीर दिवसभरात पंधरा-वीस खण जुळवी, असे सांगतात. विस्कॉन्सिन राज्यातील वॉटरलू गावच्या चार्ल्स नॅप यांनी १८६७ मध्ये या कामासाठी यंत्राचे पेटंट घेतले. पुढे सुधारलेले यंत्र दिवसाला दोनशेंवर खण उरकू लागले. गंमत अशी की, नॅप यांनी हाताच्या कामाची नक्कल केलीच नाही. फिरत्या पात्याला गोल कापणे सोपे, म्हणून त्यांचा सांधाही गोल झाला. ओळीने अर्धचंद्र आणि प्रत्येकाच्या पोटात एक वाटोळी खुंटी. आपल्याला पाहताच चंद्रकोर आणि तिच्यातली टिकली आठवावी!

सुमारे तीस वर्षे हा सांधा चालला. मग लोकांची आवड फिरली. त्यांना वसाहतकाळातल्या जुन्या घडणीचे सामान हवेसे वाटू लागले, आणि तोवर कबुतराची शेपटी कापणारी यंत्रेही आली होती. १९०० च्या सुमारास चंद्रकोर मागे पडली. यंत्राने आपले स्वतःचे रूप टाकून हाताचा मुखवटा चढवला, तो गिऱ्हाइकाच्या हौसेसाठी. आज जुन्या वस्तूंचे जाणकार खणाच्या कोपऱ्यात चंद्रकोर दिसली की त्या कपाटाचा काळ ओळखतात.

आता उलटेच घडते आहे. यंत्राचा तो सांधा हौशी मंडळी हाताने करून पाहतात. तुम्हालाही जमेल. आठ इंच लांब, पाच रुंद, तीन उंच अशी छोटी पेटी घ्या, फळी अर्धा इंच जाडीची सागवानी. लहान बाजूंच्या टोकांना पुठ्ठ्याच्या साच्यावरून तीन-तीन अर्धचंद्र आखावेत. त्यांची खोली मात्र फळीच्या जाडीहून थोडी कमी हवी. ते नक्षीच्या बारीक करवतीने कापावेत. तीच कड लांब फळीच्या टोकावर ठेवून आकार धारदार सुरीने उतरवावा, कारण पेन्सिलीची रेघ जाड पडते. मग गोल पटाशीने तिथे अर्धा इंच खोल खोबण कोरावी. सांधा बसला की सरस लावावा. तो वाळल्यावर प्रत्येक चंद्राच्या मध्यावर, लांब फळीच्या टोकात आतवर जाईल असे भोक पाडून शिसवी खुंटी ठोकावी.

ही खुंटीच ओढ पेलते. नुसती काळी टिकली वरून चिकटवली तरी पेटी तशीच दिसेल, पण समोरून हिसका बसला की कोपरा उघडेल. हात श्रेष्ठ की यंत्र, हा आपला आवडता वाद. नॅप यांचा सांधा यंत्राचा असूनही प्रामाणिक होता, कारण त्याची नक्षीच त्याचे बळ होती. पेटी विकत घेताना किंवा घरी करताना एवढे जरूर पाहावे, की कोपऱ्यातली शोभा काही भार उचलते आहे, की नुसती मिरवते आहे.