तळं निफाडचं, पाणी नाशिकचं

मुलांनो, आज सकाळी आंघोळ केलीत ना? मग सांगा पाहू, मोरीतून गेलेलं ते साबणाचं पाणी आत्ता कुठे असेल? माझ्या चौथीच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला तेव्हा पहिलं उत्तर आलं, "पाइपात." दुसरं आलं, "गटारात." मग सगळे गप्प. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, गंगेत!"

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, तेव्हा उत्तर बरोबर होतं. पण गंगेत गेलेलं पाणी तिथेच थोडं थांबतं? ते नाशिक सोडतं, चांदोरी-सायखेड्यावरून पुढे जातं आणि निफाड तालुक्यात, कादवा नदी जिथे गोदावरीला मिळते तिथे, एका बंधाऱ्याला अडून दूरवर पसरतं. या जागेचं नाव नांदूर मधमेश्वर.

हा बंधारा शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा, इंग्रजांच्या राजवटीतला. बांधला तो शेतीसाठी. इथून निघालेल्या कालव्यांचं पाणी थेट कोपरगाव, राहात्यापर्यंत जातं. कोपरगाव शहर तर पिण्यासाठीही कालव्याचंच पाणी घेतं. बंधाऱ्यामागे दरवर्षी गाळ साचत गेला. इंजिनिअर मंडळींना गाळ म्हणजे डोकेदुखी! पण झालं काय, त्या गाळाची बेटं झाली, मधे उथळ पाणी राहिलं, त्यात पाणवनस्पती वाढल्या, किडे, गोगलगायी, मासे आले आणि त्यांच्या मागोमाग आले पक्षी. एक-दोन नव्हे, दोनशेहून अधिक जातींचे. १९८६ साली सरकारने हे अभयारण्य म्हणून जाहीर केलं. लोक त्याला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणतात.

हिवाळ्यात इथे थंड मुलखातून थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे पाहुणे उतरतात. चमच्यासारख्या चोचीचा चमचा पाण्यात चोच हलवत फिरतो. जांभळी पाणकोंबडी लांब बोटांनी पानांवरून चालते. आणि वारकरी! काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला हा पक्षी शेकड्यांनी दिसतो. ज्याने हे नाव ठेवलं त्याला शंभरपैकी शंभर गुण द्यायला हवेत.

१९७१ साली इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागा वाचवण्यासाठी अनेक देशांनी एक करार केला. त्या कराराच्या यादीत नाव येणं हा मोठा मान. महाराष्ट्रातून या यादीत सर्वांत पहिलं नाव लागलं ते नांदूर मधमेश्वरचं. जानेवारी २०२० मध्ये ती बातमी आली. त्या यादीबरोबरच्या माहितीत देवळाली मिनो नावाच्या एका चिमुकल्या माशाचा उल्लेख आहे. देवळाली म्हणजे आपली नाशिकची देवळाली, बरं का. जगातून नाहीसा होण्याच्या काठावर असलेला हा मासा आणि आपल्या मोरीतलं पाणी, दोघांचा पत्ता एकच!

आता थोडं गणित करू. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. चार जणांच्या घराला झाले ५४० लिटर. त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडतं असं मानतात. म्हणजे तुमच्या एका घरातून रोज ४३२ लिटर! आता आपल्या गल्लीतली घरं मोजा. मग वॉर्डातली. मग सगळ्या नाशिकमधली. वही पुरायची नाही.

हे पाणी सरळ नदीत जाऊ नये म्हणून महापालिकेची मलनिस्सारण केंद्रं आहेत. तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक इथली केंद्रं नाशिककरांना माहीत असतील. तिथे सांडपाण्यातला गाळ खाली बसवतात, घाण खाणाऱ्या सूक्ष्म जिवांना काम करू देतात आणि मग पाणी नदीत सोडतात. पण एक अडचण आहे. साबण-पावडर, मैला आणि खरकटं यांतून आलेलं नत्र आणि स्फुरद जुन्या पद्धतीच्या केंद्रांतून बरंचसं तसंच पुढे जातं. शिवाय केंद्राला वळसा घालून थेट नदीला मिळणारे नाले वेगळेच.

नत्र आणि स्फुरद म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या मुलांना विचारा. ते म्हणतील, "बाई, ते तर खत!" हो ना, खतच. शेतात पडलं तर गहू वाढतो. पाण्यात पडलं तर वाढते पानवेल.

पानवेल, म्हणजे जलपर्णी, तुम्ही पाहिलीच असेल. फुगीर देठ, चकचकीत पानं, जांभळी सुंदर फुलं. मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिला भरपूर खत आणि ऊन मिळालं की दोन-तीन आठवड्यांत दुप्पट होते. पाण्यावर तिची सतरंजी पसरली की खाली ऊन पोचत नाही. खालच्या वनस्पती मरतात, कुजतात आणि कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. आपल्याकडच्या हवेत एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तो चारच्या खाली गेला की बरेच मासे तडफडू लागतात. मासे नाहीत तर मासे खाणारे पक्षी कशाला येतील?

आमच्या वर्गाने याचा एक प्रयोग केला. दोन पारदर्शक बाटल्यांत डबक्याचं सारखंच पाणी भरलं. एकीत कुंडीला घालतो त्या रासायनिक खताची चिमूट टाकली आणि दोन्ही खिडकीत ठेवल्या. दोन आठवड्यांनी खताच्या बाटलीतलं पाणी पालकाच्या रसासारखं हिरवं झालं होतं. तुम्हीही करून पाहा. मात्र बाटलीवर 'पिऊ नये' अशी चिठ्ठी लावा. धाकटी भावंडं घरात असली तर ती विसरूच नका.

नदीला पूर आला की वरच्या अंगाच्या पानवेली वाहत खाली येतात. सायखेड्याच्या पुलाला त्या अडकून बसतात आणि पुढे थेट जलाशयात शिरतात. यंत्रं लावून, माणसं लावून त्या काढाव्या लागतात. काढायला हव्यातच. पण खताचं पाणी येतच राहिलं तर पानवेल पुन्हा येणारच. ताप उतरावा म्हणून थर्मामीटर झटकून ठेवण्यासारखाच तो प्रकार!

मग कोणी काहीच केलं नाही का? तसं मुळीच नाही. नाशिकच्या काही नागरिकांनी २०१२ साली गोदावरीच्या प्रदूषणाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने नागपूरच्या नीरी या संस्थेला उपाय सुचवायला सांगितले. नदीत कपडे आणि गाड्या धुण्यावर बंदी आली. ही मोठ्या माणसांची लढाई, कागदपत्रांची आणि चिवटपणाची.

पण मला तुम्हाला सांगायची आहे ती मुलांची गोष्ट. विद्यार्थी कृती समिती नावाची नाशिकमधल्या तरुण विद्यार्थ्यांची संघटना आहे. 'देव द्या, देवपण घ्या' हे त्यांच्या उपक्रमाचं नाव. दहाहून अधिक वर्षं हे विद्यार्थी विसर्जनाच्या दिवशी गोदाकाठी उभे राहतात आणि आलेल्या कुटुंबांना विनंती करतात : आरती करा, पूजा करा, पण मूर्ती नदीत सोडू नका, आमच्याकडे द्या.

सोपं वाटतं? जरा विचार करून बघा. दहा दिवस ज्याची पूजा केली त्या बाप्पाला निरोप द्यायला एक आजी आल्या आहेत. डोळ्यांत पाणी आहे. आणि समोर नातवाच्या वयाचा मुलगा म्हणतोय, "आजी, मूर्ती आमच्याकडे द्या." कोणी रागावतं. कोणी म्हणतं, वाहत्या पाण्यातच विसर्जन व्हायला हवं. काहींना 'मूर्तिदान' हा शब्दच पटत नाही. देवाचं दान आपण कोण करणार, असं त्यांचं म्हणणं. त्या म्हणण्यात श्रद्धा आहे, त्याची थट्टा करू नये. हात जोडून, पुन्हा पुन्हा समजावून सांगणं एवढंच विद्यार्थ्यांच्या हाती. हळूहळू माणसं ऐकू लागली. आता महापालिकाही कृत्रिम तलाव आणि मूर्ती संकलन केंद्रं उभारते. अलीकडच्या वर्षांत नाशिकमध्ये लाखाहून अधिक मूर्ती अशा जमा होतात.

मूर्ती नदीत का नको? प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यात लवकर विरघळत नाही, आणि काही रंगांत शिसं, पारा, कॅडमियम असे विषारी धातू असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या नियमावलीत प्लॅस्टरच्या मूर्ती नकोत असं स्पष्ट म्हटलं आहे. शाडूची बरी, तीही घरच्या बादलीत विसर्जित केली तर माती पुढच्या वर्षी वापरता येते.

घरात प्लॅस्टरची मूर्ती आलीच असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी एक युक्ती शोधली आहे. मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात मिसळायचं आणि त्यात मूर्ती ठेवायची. (हा खाण्याचा सोडा नव्हे हं! बेकरीवाले बिस्किटं फुलवायला वापरतात ती पूड. तिला उग्र वास असतो, म्हणून हे काम मोठ्यांनी आणि मोकळ्या हवेत करायचं.) अधूनमधून ढवळलं की साधारण दोन दिवसांत मूर्ती विरघळते. तळाशी खडूसारखी भुकटी बसते आणि वरच्या पाण्यात उतरतं अमोनियम सल्फेट, म्हणजे पुन्हा खतच! आता हुशार वाचकांनी ओळखलं असेल : हे पाणी मोरीत ओतलं तर पानवेलींची मेजवानी. भरपूर साधं पाणी घालून ते बागेतल्या झाडांना द्यायचं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. विसर्जनाचे फोटो छापून येतात, मोरीचे येत नाहीत. गणपती वर्षातून दहा दिवस असतात, मोरी ३६५ दिवस वाहते. तळ्याच्या दृष्टीने मोरीचाच भार मोठा. काठावर उभं राहून लाख कुटुंबांचं मन वळवता आलं, तर घरच्या चार माणसांचं का येऊ नये? कपड्यांना पावडर पुड्यावर लिहिली तेवढीच टाका. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ असं नसतं. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतू नका. आणि बाबांना विचारा, आपल्या इमारतीचं सांडपाणी नक्की कशाला जोडलंय, मलवाहिनीला की पावसाळी गटाराला? पावसाळी गटाराचं पाणी केंद्रावर जात नाही, थेट नाल्यात जातं. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या बाबांनी हे तपासून पाहिलं. त्यांच्या सोसायटीचा एक पाइप खरंच चुकीच्या जागी निघाला आणि पुढच्या महिन्यात तो बदलला गेला.

तळं बघायला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटर. पहाटेच निघा, ऊन चढलं की पक्षी लांब जातात. मनोरे आहेत, आणि आसपासच्या गावांतले तरुण गाइड म्हणून बरोबर येतात. त्यांना पक्ष्यांबरोबर पाण्याविषयीही विचारा : यंदा पानवेली कधी आल्या, किती आल्या? जाताना चांदोरीवरून सायखेड्याला वळलात तर गोदावरीचा पूल लागेल. तिथे खिडकीतून खाली बघा. पाणी दिसतं की हिरवं शेत, ते तारीख घालून वहीत लिहा, आणि मग पुढच्या पानावर पक्ष्यांची नावं.