कोळशाचे तेल म्हातारे का होते?

मंडळी, आपल्या गोंदियाचे नाव गोंदावरून पडले असे सांगतात. गोंद वाळून खडा झाला तरी पाण्यात पुन्हा विरघळतो. इंधन साठवणारेही तेलात धरणाऱ्या चिकट्याला ‘गम’च म्हणतात. तो मात्र सहजी विरघळत नाही.

तिरोड्याच्या ३३०० मेगावॅटच्या केंद्रात कोळशाची भुकटी करून जाळतात. पण फ्रीडरिख बर्गियस यांनी १९१३च्या सुमारास जबर दाबाखाली हायड्रोजन देऊन कोळशाचे थेट तेलच करून दाखवले. १९३१मध्ये त्यांना नोबेल मिळाले. या तेलात कोळशातला ऑक्सिजन नि नायट्रोजन थोडा उतरतोच. फिनॉलचा हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या नायट्रोजनला धरतो. जत्रेत हात धरून चालणारी मंडळी जशी लवकर पुढे सरकत नाहीत, तसे हे तेल घट्ट वाहते. तापवा, हात सुटतात.

हवा लागली की गोष्ट वेगळी. ऑक्सिजनमुळे फिनॉलचे रेणू एकमेकांना कायमचे जोडले जातात. ही घट्टी तापवून जात नाही, उलट वाढते! मग गाळणी तुंबते, फवारा बिघडतो. आम्ही मूळचे तत्त्वज्ञानाचे, म्हणून विचारतो: टाकी तीच, पण तेल तेच का? पहिल्या घट्टीत तेच, दुसऱ्या घट्टीत नाही. म्हणून टाकीत हवा शिरू देत नाहीत, किंवा आधीच पुन्हा हायड्रोजन देऊन हे फिनॉल नि नायट्रोजन काढतात. तो खर्च मोठा.

कोळशाचा आधी वायू करून मग तेल केले, तर ही जोडी जवळपास नसतेच. त्या तेलाची दुखणी निराळी. ती पुढच्या खेपेस बघू.