राष्ट्रीय स्मारकांवरील धार्मिक शिलालेख : नाशिक लेण्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित असलेली भारतातील अनेक प्राचीन स्मारके मुळात धर्मस्थाने होती. त्यामुळे त्यांवरील लेखही प्रामुख्याने धार्मिक आहेत. असे लेख केवळ एका पंथाच्या श्रद्धेची साक्ष देतात, असा सर्वसाधारण समज आढळतो. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील लेणी, म्हणजेच पांडवलेणी, यांच्या आधारे प्रस्तुत लेखात या समजाचे परीक्षण केले आहे.

दानलेखाचे स्वरूप :
क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे लेख लेणे क्र. १० मध्ये ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत. वर्ष ४२ च्या लेखानुसार त्याने हे लेणे चारही दिशांच्या भिक्षुसंघाला अर्पण केले आणि ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, दिली. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवण्यात आली : २००० दरमहा शेकडा १ दराने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते. वर्षावासातील २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत, या लेखातील तरतुदीशी हा हिशेब तंतोतंत जुळतो. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून नोंदविल्याचाही उल्लेख आहे. अर्थात, हा धर्मलेख त्याच वेळी एक आर्थिक करारपत्रही आहे.

दात्याची धर्मदृष्टी :
याच लेण्यातील दुसऱ्या लेखात उषवदाताने देव व ब्राह्मणांना १६ गावे दिल्याचे, तसेच तापी, दमणा, डहाणुका इत्यादी नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केल्याचे नमूद आहे. लेणे क्र. ३ मध्ये राणी गौतमी बलश्री आपल्या पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, ब्राह्मण म्हणून गौरव करते. तिचे दान मात्र भद्रायणीय भिक्षूंना आहे. म्हणजेच धार्मिक लेख असणे याचा अर्थ दाता एकाच पंथापुरता मर्यादित होता, असा होत नाही.

संरक्षणाचा प्रश्न :
भिंतीवर कोरलेली अक्षरे हीच दानाच्या चिरस्थायित्वाची हमी होती. तीच अक्षरे आज पर्यटकांनी कोरलेली नावे, पाण्याची झिरप आणि अनास्था यांमुळे धोक्यात येऊ शकतात. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन स्मारकाच्या विद्रूपीकरणासाठी २ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. तथापि लेखाचा आशय ज्याला ठाऊक नाही, त्याला त्याचे मोल केवळ शिक्षेच्या भयाने कळणार नाही. मूळ लेखाशेजारी सुबोध मराठी भाषांतराचा फलक असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

समारोप :
सारांश, धार्मिक शिलालेख हा कोणा एका समुदायाच्या मालकीचा दाखला नसून समाजाच्या अर्थव्यवहाराचा, दातृत्वाचा व सहजीवनाचा सार्वजनिक दस्तऐवज आहे. एक ओळ नष्ट होणे म्हणजे त्या दस्तऐवजातील एक कलम कायमचे गमावणे होय.