माजघरातला उजेड

कोकणातील जुन्या कौलारू घरांत माजघर मधोमध असल्याने त्याला बहुधा बाहेरची भिंत नसते आणि म्हणून खिडकीही नसते; अशा ठिकाणी छपरात काचेचे कौल बसवण्याचा पूर्वापार उपाय आजही सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यातून आकाशाचा उजेड थेट जमिनीपर्यंत उतरतो. मात्र बाहेरून शेवाळ आणि आतून चुलीची काजळी धरलेले कौल पावसाळा सरताच पुसले नाही, तर त्याचा उपयोग फारसा उरत नाही.

शहरातील सदनिकेत ही सोय नसल्याने सारी भिस्त भिंतींवर असते. पडलेल्या प्रकाशाचा जो हिस्सा पृष्ठभाग परत फेकतो, त्याला परावर्तन-गुणांक म्हणतात. स्वच्छ पांढऱ्या रंगाचा तो सुमारे 80 टक्के असतो. उजेड एका भिंतीवरून दुसरीवर पुनःपुन्हा जात असल्याने या गुणांकातला लहानसा फरकही वाढत जातो: छत, भिंती व जमीन मिळून सरासरी 50 टक्के प्रकाश परत फेकत असतील, तर त्यांवर पडणारा एकूण उजेड खिडकीतून आलेल्याच्या तत्त्वतः दुप्पट होतो, आणि 80 टक्के असल्यास पाचपट. म्हणूनच नवा दिवा आणण्याआधी छताला पांढरा हात द्यावा, आणि पडद्याची दांडी खिडकीपेक्षा इतकी रुंद ठेवावी की सारलेला पडदा काचेवर न येता भिंतीवर विसावेल.