नाक्यावरचा मजूर आणि ९० दिवसांचा कागद



विक्रोळीच्या कन्नमवार नगरात म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. मुंबईतल्या अशा बांधकामांवर राबणारे हात बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशचे असतात, तसेच आपल्या बीड-जालन्याचेही असतात. त्यांना ‘बाहेरचे’ म्हणणारे आपल्यातही आहेत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून किती जण मुंबईला आले, ते घरातल्या आजीला विचारा. बाबासाहेबांचीही कित्येक वर्षे परळच्या बीआयटी चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारात गेली. पुढे ते मजूर मंत्री असताना फॅक्टरी कायद्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये केंद्राने कायदा केला. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून राज्याचे कल्याणकारी मंडळ चालते. नोंदीत कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर वारसांना पाच लाख रुपये, पहिली ते सातवीतल्या मुलाला वर्षाला अडीच हजार, अशा त्याच्या योजना आहेत. परप्रांतीय मजुरालाही नोंदणी करता येते. वय १८ ते ६० हवे आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा.

घोडे अडते ते या दाखल्यापाशी. नाक्यावरच्या मजुराचा मालक आज एक, उद्या दुसरा. ठेकेदार सही देत नाही, कारण सही दिली की हा माणूस माझ्याकडे कामाला होता हे कबूल होते. मग किमान वेतन आले, अपघाताची भरपाई आली. अशा मजुराला महापालिकेचा अधिकारी दाखला देऊ शकतो, पण त्याच्यासमोर काही पुरावा तर ठेवावा लागेल.

इथे आपण कामी येऊ शकतो. रविवारी विहारात एक टेबल लावा. प्रत्येक मजुराची एक वही करा: तारीख, साईट, ठेकेदाराचे नाव आणि मोबाईल, मिळालेली मजुरी. साईटवरचा फोटो, मोबाईलवर आलेल्या पैशांची नोंद जपून ठेवायला सांगा. पैसे घेऊन कार्ड काढून देणाऱ्या एजंटांपासून सावध करा. आणि कटू वाटेल, पण कधी थापी हातात न धरलेल्यांचे फॉर्म भरू नका, मग ते आपल्या गल्लीतले का असेनात. खऱ्या मजुराच्या अर्जावर संशय येतो तो त्यांच्यामुळेच.

त्याच टेबलावर रेशनही विचारा. गावचे कार्ड अन्नसुरक्षा योजनेतले असेल, तर ‘एक देश एक रेशन कार्ड’खाली अंगठा लावून इथल्या दुकानातही धान्य मिळते. घरच्यांचा वाटा ते गावी उचलू शकतात.

नोंदणीचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. नेमका तेव्हाच माणूस छठला किंवा कापणीला गावी गेलेला असतो आणि त्याचा मोबाईल नंबरही बदललेला असतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर नूतनीकरणाची तारीख आणि गावाकडचा एक नंबर लिहून घ्या.