अंतराची अट आणि चारचौघांतली तपासणी

गटात फिरताना आम्हांला विचारतात, "साहेब, जवळ दुसरा कारखाना का निघत नाही?"

महाराष्ट्रात १९९७ साली झोनबंदी उठली. ऊस कुणाला घालायचा, हे शेतकरी ठरवू लागला. पण २०११ साली राज्याने दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतर ठरविले. कारखान्याला पुरेसा ऊस मिळावा, हा हेतू. मात्र गिऱ्हाईक कमी, तर भावाची चढाओढही कमी. २०१२ साली रंगराजन समितीने अशी अट काढावी असे सुचविले.

अशा नियमांची तपासणी देशोदेशी कशी होते? संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने २००५ साली जमैका व केनियापासून सुरुवात केली. देश स्वखुशीने आपला स्पर्धा कायदा पुढे ठेवतो. तज्ज्ञ अहवाल लिहितात, इतर देशांचे अधिकारी बैठकीत प्रश्न विचारतात, सुधारणा सुचवितात. दंड नाही, सक्ती नाही.

हे आपल्याला नवे नाही. हिवरे बाजारला ग्रामसभेत पाण्याचा हिशोब सर्वांसमोर मांडतात, मगच पिके ठरतात. ऊस आपला, कारखानाही आपलाच. अंतराची अट कुणाच्या फायद्याची, हे वार्षिक सभेत जरूर विचारा. उसाचे आकडे घेऊन आम्ही हजर राहू.