ऊसतोडीला जाताना पोरांच्या शाळेचं काय? आठवीपर्यंत नियम वेगळा, नववी-दहावीला वेगळा

दसरा-दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. उचल घेतलेली असते, मुकादम थांबत नाही. घरी सांभाळायला कुणी नसलं की पोरंही सोबत जातात आणि शाळेचं दुसरं सत्र जवळपास सगळं बुडतं. परत आल्यावर ‘आता नाव कटलं असेल’ असं समजून काही पालक पोराला शाळेत पाठवतच नाहीत. म्हणून नियम काय आहे ते नीट समजून घ्या.

पहिली ते आठवी : शाळेतून काढता येत नाही

२००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यातल्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. मध्येच शाळा सुटलेली असेल तर कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो. मात्र पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. फेरपरीक्षेतही नापास झालं तर त्याच वर्गात बसावं लागू शकतं. म्हणजे नाव राहिलं तरी अभ्यास बुडून चालत नाही.

पोर सोबत नेणार असाल तर

निघण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा आणि शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत ते कार्ड दाखवायचं. जवळ दाखला नाही किंवा दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, असं कलम ५ सांगतं. हा कायदा परराज्यातही लागू आहे.

गावात ठेवणार असाल तर

हंगामी वसतिगृहाची सोय असते. आई-बाप तोडीवर असताना मुलांच्या जेवणाची आणि राहण्याची व्यवस्था त्यात होते. आपल्या पोराचं नाव शाळा व्यवस्थापन समितीच्या यादीत वेळेत द्या. गाडी निघायच्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. याशिवाय ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली आहे. आपल्या तालुक्यात ते सुरू आहे का, याची समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

नववी-दहावी : इथे खरी अडचण

आठवी पूर्ण झाली की या कायद्याचं संरक्षण संपतं. दहावी-बारावीच्या बोर्ड परीक्षेला नियमित विद्यार्थी म्हणून बसायचं तर ७५ टक्के हजेरी लागते.

हिशोब सोपा आहे. वर्षात शाळेचे २२० दिवस धरले तर १६५ दिवस हजर पाहिजे. म्हणजे जास्तीत जास्त ५५ दिवस बुडवता येतात. महिन्याला २० दिवस शाळा धरली, तर नोव्हेंबरला गेलेलं पोर जानेवारी संपेपर्यंत ६० दिवस गैरहजर होतं.

आजारपणासारखं खरं कारण असेल तर मुख्याध्यापकांमार्फत बोर्डाकडे सवलत मागता येते. त्यासाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट त्याच वेळी शाळेत जमा करा, परीक्षा तोंडावर आल्यावर नको. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते, पण त्याची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. म्हणून दहावीच्या वर्षी तरी पोराला किंवा पोरीला गावातच ठेवायची सोय आधी बघा. पोरींच्या बाबतीत तर एकदा शाळा तुटली की पुढची बोलणी लग्नाचीच सुरू होतात, हे आपण सगळे बघतोच.

शाळेने ऐकलं नाही तर

आधी केंद्रप्रमुखांना सांगा. तिथे काम झालं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आठवीपर्यंतच्या मुलाबाबत लेखी तक्रार असेल तर कलम ३२ प्रमाणे तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. नुसतं तोंडी सांगितलेलं कुठंच नोंदवलं जात नाही.